धाब्याचं घर आणि सिंगलटन

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'वास्तुसमीक्षा आणि सॉफ्टवेअरचे डिझाइन पॅटर्न'. तिथं पोचायचंय, पण वाट धाब्यावरून जाते. शेवभाजीच्या धाब्यावरून नव्हे, खान्देशातल्या मातीच्या छपराच्या धाब्यावरून. हसलात, म्हणजे जेवण व्हायचंय.

धाबं कसं घालतात? सागाच्या सऱ्यांवर आडव्या कड्या, त्यावर किलचन म्हणजे लाकडाच्या चिरफळ्या, वर पऱ्हाटी म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, मग चिखल, आणि सगळ्यात वर खारी पांढरी माती. शेतात एवढी काळी माती पडलेली असताना पांढरीच का? काळी वाळली की भेगाळते. खारी माती भिजली की तिचे बारीक कण सुटतात, छिद्रं बुजतात, पाणी उतारानं पन्हाळीकडे निघून जातं. मृगाआधी नवा थर द्यायचा. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात खालची खोली गार राहते ती या जाडीमुळे.

आता कटकट नको म्हणून कोणी त्यावर सिमेंटचा कोबा करतो. खालचं लाकूड आणि माती हलते, कोबा हलत नाही, तडकतो. फटीतून पाणी आत शिरतं, पण वाळायला वाट नसते. कड्या आतून कुजतात आणि वरून छप्पर झकास दिसतं. कोबा वाईट नाही हो, स्लॅबवर उत्तमच. जागा चुकली.

ख्रिस्तोफर अलेक्झांडर या वास्तुविशारदानं १९७७ साली २५३ पॅटर्न, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या अडचणींवरचे उपाय, मांडले ते याच रीतीनं: परिस्थिती, अडचण, एकमेकांना ओढणाऱ्या गरजा, मग उपाय. सज्जा सहा फुटांपेक्षा अरुंद असेल तर तिथं कोणी बसत नाही, हा त्यातलाच एक. आपल्याकडे तिथं कूलर बसतो, ते वेगळं. शिवाय प्रत्येक पॅटर्नवर त्याची स्वतःची खात्री किती, हे तो चांदण्यांनी दाखवायचा: दोन, एक किंवा एकही नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर भरभर.

१९८७ मध्ये केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी ही कल्पना प्रोग्रॅमिंगमध्ये आणली. १९९४ मध्ये चौघा लेखकांचं सॉफ्टवेअरच्या २३ पॅटर्नचं 'डिझाइन पॅटर्न्स' हे पुस्तक आलं. चांदण्या गळाल्या. 'परिणाम' हा रकाना आहे, पण वाचतो कोण? १९९६ साली सॅन होजेच्या परिषदेत अलेक्झांडरनं प्रोग्रॅमरांनाच विचारलं, यानं तुमचे प्रोग्रॅम खरंच सुधारले का? समीक्षा म्हणतात ती हीच.

त्या २३ पैकी सिंगलटन घ्या, म्हणजे अख्ख्या प्रोग्रॅममध्ये एखादी वस्तू एकच ठेवायची. दुकानाच्या सेटिंगचा एकच ऑब्जेक्ट, कुठूनही हाताशी. कोड तपासणाऱ्या पहिल्या टेस्टनं त्यात किंमत बदलली की दुसरी टेस्ट एकटी पास होते, सोबत चालवली की नापास. मालकानं दुसरी शाखा काढली की 'एकच' हे गृहीतच मोडतं. धाब्यावरचा कोबा, दुसरं काय! सेटिंग कन्स्ट्रक्टरमधून, म्हणजे ऑब्जेक्ट तयार होतानाच, त्याच्या हातात द्या, प्रश्न मिटतो.

कोड तपासताना 'कुठला पॅटर्न वापरला' विचारू नका, 'कुठल्या दोन गरजा भांडत होत्या' विचारा. दोन ओळींत सांगता आलं नाही तर तो पॅटर्न काढून टाका.

ऑब्झर्व्हर राहिलाच: बदल झाला की नोंदणी केलेल्या सगळ्यांना कळवणारा पॅटर्न. नोंदणीची ओळ लिहिताना ती रद्द करायची ओळही लगेच लिहा, नाहीतर बंद केलेली स्क्रीन मेमरीत ठाण मांडून बसते. दुसरी चिठ्ठी आली. बसतो.