याक-१५ : जुन्या विमानात नवे इंजिन

दुसरे महायुद्ध संपत आले, तेव्हा जर्मनीकडे जेट इंजिने होती आणि सोव्हिएत संघाकडे वापरण्याजोगे एकही नव्हते. जर्मन युमो ००४ हे जेट इंजिन हाती आल्यावर नवे विमान मुळापासून आखत बसण्याऐवजी सोव्हिएत विमानरचनाकार अलेक्झांडर याकोव्हलेव्ह यांनी युद्धात पारखलेले याक-३ हे लढाऊ विमान घेतले, त्याचे पंख्याचे इंजिन काढले आणि नाकात हे जेट बसवले. तेच याक-१५. चलाखी म्हणा किंवा घाई, १९४५ साली वेळ वाचवणे महत्त्वाचे होते.

बदल मात्र वाटला तितका सोपा नव्हता. जेट इंजिन नाकात खालच्या बाजूला बसल्यामुळे पंखाचा मुख्य कणा त्याच्यावरून कमानीसारखा वाकवून न्यावा लागला आणि उष्ण वायूंचा झोत थेट वैमानिकाच्या आसनाखालून मागे जाऊ लागला. जमिनीवरच्या चाचण्यांत या झोताने पोटाचा ड्युरालुमिनचा (अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा) पत्रा वितळवला, शेपटाच्या चाकाचे रबरही उरले नाही. मग पोटाखाली पोलादी कवच आले आणि शेपटाला रबर नसलेले, अख्खे पोलादी चाक. त्यानंतरही मॉस्कोजवळच्या संशोधन संस्थेतील प्रचंड विंड टनेलमध्ये (वाऱ्याचा झोत सोडून विमान तपासण्याच्या बोगद्यात) पारखून झाल्यावरच उड्डाणाला परवानगी मिळाली.

२४ एप्रिल १९४६ रोजी धावपट्टीवर दोन विमाने सज्ज होती : याकोव्हलेव्ह यांचे हे विमान आणि मिग या दुसऱ्या सोव्हिएत रचनाकार गटाचे, पोटात दोन जर्मन इंजिने असलेले आय-३००, म्हणजेच पुढचे मिग-९. आधी कोणी उडायचे, हे नाणेफेकीने ठरले असे सांगतात. कौल मिगच्या बाजूने लागला. अलेक्सेई ग्रिन्चिक यांनी प्रथम आकाश गाठले, त्याच दिवशी त्यांच्यामागून मिखाईल इव्हानोव्ह याक घेऊन उडाले. ग्रिन्चिक यांना त्या यशानंतर तीन महिनेही लाभले नाहीत. ११ जुलैला प्रात्यक्षिकादरम्यान आय-३०० कोसळले आणि त्यांचा मृत्यू झाला.

ऑगस्टमध्ये मॉस्कोतल्या तुशिनो विमानतळावरच्या हवाई प्रदर्शनात दोन्ही विमाने लोकांनी पाहिली. याक-१५ची सुमारे २८० विमाने तयार झाली. वेगाने ते ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास पोहोचत असे, पण इंधन थोडेच मावत असल्यामुळे पल्ला तोकडा होता. त्याचा खरा उपयोग शिकवण्यात झाला : आसन आणि हाताळणी ओळखीच्या याकचीच असल्यामुळे पंख्याच्या विमानांवर तयार झालेला वैमानिक फारसा न बिचकता जेटवर येत असे. याच आराखड्यातून पुढे याक-१७ निघाले. त्यात शेपटाचे चाक काढून नाकाखाली चाक बसवले, आणि तिथे झोताची झळ पोहोचत नव्हती.