तेरीज जुळली का?

मित्रांनो, पहिला प्रोग्राम आणि पहिलं काम यांत मी फरक करतो. पहिला प्रोग्राम सगळ्यांचा सारखाच: नाव छापा, पाढे छापा, मूळसंख्या शोधा. तो चुकला तरी कोणाचं काही बिघडत नाही. काम सुरू होतं ते कुणाचं तरी अडतं तेव्हा. ते स्वतःचं अडलेलं असलं तरी चालतं. १९९१ मध्ये हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्सला घरच्या ३८६ संगणकावरून विद्यापीठाच्या संगणकाला जोडून घ्यायचं होतं, म्हणून त्याने टर्मिनल एम्युलेटर, म्हणजे दूरच्या संगणकावर घरच्या पडद्यावरून काम करू देणारा प्रोग्राम, लिहायला घेतला. मग फाइली उतरवून ठेवायच्या तर डिस्कशी बोलणारा ड्रायव्हर हवा, फाइली मांडून ठेवणारी फाइल सिस्टिम हवी. असं करत करत त्याचं लिनक्स झालं, म्हणजे संगणक चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम.

नव्वदच्या दशकात तालुक्याच्या गावी संगणक शिकलेल्या आम्हा लोकांचं अडलेलं बहुधा दुसऱ्याचं असायचं. कोणी साखर कारखान्याची ऊसबिलं केली, कोणी दूध संघाची. माझ्या वाट्याला पतसंस्था आली. डॉस, नोंदी ठेवायला फॉक्सप्रो २.६, आणि तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची जुळणी, छापायला लागला की अख्ख्या गल्लीला ऐकू जाणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर.

तिथे एक जुने लेखनिक होते, सगळे त्यांना अण्णा म्हणत. शाळेतलं व्याजाचं सूत्र मी कागदावर मांडलं, तर त्यांनी खतावणी पुढ्यात ओढली. "हे बघा, बचत खात्याला व्याज कशावर? दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंत जी कमीत कमी शिल्लक असेल तिच्यावर. अकराला लाख भरा, या महिन्यात त्याचं काही मिळायचं नाही." बँकांतही तेव्हा हीच रीत होती, रोजच्या शिलकीवर व्याज आलं ते १ एप्रिल २०१० पासून. म्हणजे नुसती आजची शिल्लक साठवून भागणार नव्हतं, प्रत्येक व्यवहार तारीखवार हाताशी हवा. आमच्या फाइलींची सगळी रचना अण्णांच्या त्या उत्तरावर ठरली.

मग वीज. फॉक्सप्रो ज्यात नोंदी ठेवतो त्या डीबीएफ फाइलीच्या सुरुवातीलाच एकूण नोंदी किती, हा आकडा असतो. नोंद लिहिली गेली आणि तो आकडा बदलायच्या आत लाईट गेली, तर नोंद डिस्कवर असूनही प्रोग्रामला दिसत नाही. अण्णांना यातलं काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण रोकड जुळेना, आणि फरक एका पिग्मी (रोजच्या बचतीच्या) भरण्याएवढाच, एवढ्यावरून त्यांनी गठ्ठ्यातून नेमकी पावती काढून टेबलावर ठेवली. त्यानंतर रोज सकाळी फाइलीचा आकार आणि नोंदींचा आकडा ताडून पाहिल्याशिवाय आमचा प्रोग्राम कामाला लागत नसे.

दामदुप्पट ठेवींची गंमत वेगळीच. जुन्या पावत्यांवरून मुदतीची तारीख टाइप करताना वर्षाचे दोनच अंक टाकले जात. '०१' टाकलं की फॉक्सप्रो ते १९०१ समजायचा. त्यामुळे मुदत संपलेल्या ठेवींच्या यादीत अजून काही वर्षं बाकी असलेले ठेवीदार आले, आणि त्यातले एक तर संचालकच निघाले! 'सेट सेंच्युरी ऑन' ही एक ओळ घातली, वर्ष चार अंकी केलं, भागलं. वायटूकेची, म्हणजे २००० साली दोन अंकी वर्षांमुळे होणाऱ्या घोळाची, ओरड वर्तमानपत्रांत सुरू झाली तोवर आम्ही त्यातून पार पडलो होतो.

अण्णा मात्र हाताने वही लिहीतच राहिले. संगणकावर पैसे घातलेत तर वही कशाला, असं संचालक मंडळाचं म्हणणं. मी म्हटलं, निदान मार्चअखेरपर्यंत तरी राहू द्या. टेस्टिंगला मला दुसरं माणूस कोण देणार होतं?