जिम्नॅस्टिक्सचा क्लास लावताय? आधी तिथली मुलं पडतात कशी ते बघा

मागच्या वर्षी लेकीला घेऊन एका क्लासच्या ट्रायलला गेले होते. भिंतभर मेडल्स, दारात चपलांचा ढीग, म्हणजे क्लास चाललेला जोरात. कोपऱ्यात सहा-सात वर्षांची एक मुलगी स्प्लिटमध्ये, म्हणजे दोन्ही पाय दोन दिशांना पसरून, बसली होती आणि मॅडमनी मागून तिच्या पाठीवर गुडघा टेकवलेला. पोरगी हुंदके देऊन रडत होती. मी बाजूला बसलेल्या आईकडे बघितलं, तर त्या म्हणाल्या, "पहिले दोन महिने सगळ्याच रडतात हो."

आम्ही चपला घातल्या आणि घरी आलो.

नमस्कार मंडळी. त्यानंतर मी बरेच हॉल पालथे घातले, आणि एक गोष्ट माझ्यापुरती पक्की झाली. क्लास निवडताना मुलं किती उंच उडतात ते बघायचं नाही. ती पडतात कशी, ते बघायचं.

या खेळात पडणं रोजचं आहे. ऑलिंपिकवालेही पडतात. माणूस बेसावधपणे मागे पडला की आपोआप हात मागे टेकवतो आणि अख्खं वजन त्या ताठ हातावर येतं. मनगट किंवा कोपर जातं ते असं. म्हणून चांगले सर पहिल्या आठवड्यांत पडायलाच शिकवतात. उडी मारून उतरताना गुडघे थोडे वाकलेले हवेत. मागे जायला लागलं तर हात छातीशी घ्यायचे, हनुवटी आत, पाठ गोल करून लोळायचं. साधी कोलांटी नीट येत नसताना मूल तिसऱ्या आठवड्यात बॅकफ्लिप मारतंय, आणि सर त्याची रील काढतायत? मग तो क्लास रीलसाठी चाललाय.

ट्रायलच्या आधी एकदा नुसते बघायला जा. तासभर बसा. फोन खिशात.

खाली बघा. दोन मॅटच्या मधे फट आहे का? पाय त्या फटीत गेला की घोटा मुरगळलाच. मॅट दाबून बघा, खालची फरशी हाताला लागते का. बीम, म्हणजे तोल सांभाळत चालायची अरुंद पट्टी, स्पर्धेत सव्वा मीटर उंचीवर असतो आणि रुंदी फक्त 10 सेंटीमीटर, म्हणजे आपला पंजा आडवा ठेवला तर जवळपास तेवढाच. नवशिक्या मुलांना त्यावर चढवायची घाई कशाला? चांगल्या ठिकाणी आधी जमिनीवर आखलेली रेघ असते, मग जमिनीलगतचा बीम, मग उंची वाढते.

आता रांग बघा. एक सर, एक उपकरण, 20 मुलं. प्रत्येकाला अर्धा मिनिट धरा, म्हणजे एक फेरी 10 मिनिटांची. तासाभरात तुमच्या मुलाच्या वाट्याला सहा वेळा मिळून तीन मिनिटं आली! उरलेली 57 मिनिटं ते पुढच्याची चड्डी ओढत उभं. जाणते सर रांगेतल्या मुलांना काम देतात, कुणी कमान करतंय, कुणी भिंतीला पाय लावून हातावर उभं आहे. मुलं जास्त असणं वाईट नाही. रिकामी उभी असणं वाईट.

मेडल्सबद्दल एकच प्रश्न विचारा: मेडल मिळवलेल्यांबरोबर त्या बॅचला आलेली बाकीची मुलं आज कुठे आहेत? उत्तर देताना सर अडखळले, तर समजून घ्या.

आता जरा अवघड विषय. जिम्नॅस्टिक्समध्ये शिकवणाऱ्याला मुलाला हात लावावाच लागतो. कमरेला आधार देणं, पाठीखाली हात धरणं, त्याला स्पॉटिंग म्हणतात आणि त्याशिवाय हा खेळ शिकवता येत नाही. म्हणून तर जास्त डोळस राहायचं. चांगले सर हात लावायच्या आधी बोलतात, "कमरेला धरतोय हं." घरी मुलाशी याबद्दल स्पष्ट बोला, आधाराचा हात कुठे असतो आणि कुठे नसतो. आणि पालकांना आत बघायलाच मनाई असेल, तर तिथे मूल ठेवू नका. अमेरिकेच्या संघाच्या डॉक्टरचं, लॅरी नासरचं, मुलींच्या लैंगिक शोषणाचं प्रकरण आठवतंय? 2018 मध्ये दीडशेहून जास्त जणींनी कोर्टात त्याच्याविरुद्ध सांगितलं. टेक्सासमधल्या ज्या रांचवर त्या संघाची शिबिरं व्हायची, तिथे आईवडिलांना प्रवेश नव्हता. आपल्याकडे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा 2012 चा पॉक्सो कायदा आहे, पण कायदा नंतर येतो, आधी आपले डोळे.

अर्थात, बघायला मिळतंय म्हणून काचेपलीकडून "पाय सरळ कर!" असं ओरडायचं नाही. हे मी स्वतः केलंय. लेकीने नंतर दोन दिवस माझ्याशी धड बोलणं टाकलं होतं.

कुठला प्रकार, हेही आधी विचारून घ्या, कारण पाटीवर नुसतं जिम्नॅस्टिक्स लिहिलेलं असतं. ठाण्याची संयुक्ता काळे करते ते रिदमिक, म्हणजे रिबन, हूप, चेंडू. दीपा कर्माकर करायची ते आर्टिस्टिक, म्हणजे व्हॉल्ट (धावत येऊन टेबलावरून मारायची उडी), बीम, बार. दोन्हीची तयारी निराळी. आणि जवळपास मल्लखांबाची चांगली व्यायामशाळा असेल तर तिथेही डोकावून या. दादरला शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात दोरीच्या मल्लखांबावर चढलेल्या मुली बघितल्यात ना? पकड आणि ताकद दोन्ही कमावतात.

"आमचा आठ वर्षांचा आहे, उशीर झाला का?" असं खूप जण विचारतात. मजेसाठी आणि अंगात लवचिकपणा यावा म्हणून असेल, तर अजिबात नाही. आणि या खेळात विशीत सगळं संपतं असंही नाही. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 0.15 गुणाने दीपाचं ब्राँझ हुकलं, आणि 2024 मध्ये, वयाच्या 30 व्या वर्षी, तिने आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत व्हॉल्टचं सोनं आणलं. स्पर्धेत उतरवायचंच असेल, तर क्लास जिल्हा संघटनेशी संलग्न आहे का ते विचारा. आणि फी विचारताना नुसती महिन्याची विचारू नका. नोंदणी, स्पर्धेची फी, पोशाख, बाहेरगावचा प्रवास, हे सगळं कागदावर मांडून घ्या.

ट्रायलच्या दिवशी लिओटार्ड, म्हणजे जिम्नॅस्टिक्सचा तो घट्ट पोशाख, विकत घेऊन जाऊ नका, बऱ्याच जणांचे ते नंतर कपाटात पडून राहतात. अंगाला बसणारा टी-शर्ट आणि शॉर्ट्स पुरे. केस घट्ट बांधा, बांगड्या आणि कानातलं घरी ठेवा. आणि क्लासच्या आधीच्या दोन तासांत पोटभर जेवण घालू नका. हँडस्टँड करताना सगळं परत येतं, आणि ते पुसायला तुम्हालाच बोलावतात.