अंगठा लागत नाही

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या सोलापुरात रेशनच्या रांगेत एक वाक्य हमखास कानी पडते : "अंगठा लागत नाही." मागच्या महिन्यात माझ्यापुढच्या एका आजींनी बोटाचा ठसा आधारशी जुळवणाऱ्या यंत्राच्या काचेवर अंगठा टेकवला, पदराला पुसून पुन्हा टेकवला, मग तर्जनी, मग डावा हात, आणि दर वेळी पडद्यावर ३०० हा आकडा आणि इंग्रजीतली एक ओळ उमटत राहिली. आजी तेलुगू बोलणाऱ्या, ४० वर्षे विड्या वळलेल्या. तेंदूचे पान कापून, तंबाखू भरून, दिवसभर विड्या वळता-वळता बोटांच्या रेषा झिजतात, हे शहराच्या पूर्व भागातल्या विडी कामगारांच्या कोणत्याही घरी ठाऊक आहे. आजी मात्र स्वतःच्याच बोटाला दोष देत संकोचून बाजूला झाल्या, आणि मला तेच सर्वांत जास्त लागले.

डिझाइन म्हटले की आपल्याला चादरीवरची नक्षी आठवते. पण ती नक्षी बसवणाराही मागावर नक्षी उठवणाऱ्या जकार्डच्या पत्त्यांना भोके पाडण्याआधी सूत किती ताण सोसेल हे पाहतोच. मग यंत्र घडवणाऱ्याने ते कोणाच्या हाती पडणार, हे आधी पाहायला नको का? ३०० म्हणजे ठसा जुळला नाही, एवढेच. ते आजींना त्यांच्या भाषेत, बोलून सांगता आले असते. बुबुळाची तपासणी आणि मोबाइलवरचा ओटीपी हे मार्ग आधारच्या व्यवस्थेत आहेतच. ते पहिल्या नकारासरशी पुढे यायला हवेत, दहा वेळा बोट घासून झाल्यावर नव्हे.

असा विचार आपल्याकडे झालेला आहे. वाचता न येणाऱ्यांसाठी निवडणूक चिन्हे १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून आहेत. आजच्या मतदान यंत्रावर बटणाशेजारी ब्रेल आकडे असतात, लाल दिवा लागतो, लांब बीप वाजते आणि मत कोणाला गेले ते छापून दाखवणाऱ्या व्हीव्हीपॅटच्या काचेआड चिठ्ठी ७ सेकंद थांबते. ज्याला दिसत नाही, ज्याला ऐकू येत नाही, ज्याला अक्षर येत नाही, अशा प्रत्येकाची आठवण कोणीतरी आधीच ठेवलेली आहे. मताच्या वेळी ठेवलेली ही आठवण धान्याच्या वेळीही ठेवावी, एवढेच माझे मागणे आहे.

त्या दिवशी अखेर ओटीपी मागवला गेला. तो सुनेच्या मोबाइलवर गेला, आणि सून विड्या जमा करायला कारखान्यात गेली होती. आजी रिकाम्या पिशवीची घडी घालून दुकानाच्या पायरीवर तिची वाट पाहत बसल्या.