मेलबर्न : शहरालाही दोन दिवस द्या

मेलबर्नमध्ये एक गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते. लंडनहून दोन रेल्वे स्थानकांचे आराखडे निघाले, एक मुंबईसाठी आणि एक मेलबर्नसाठी. वाटेत त्यांची अदलाबदल झाली आणि मुंबईचं स्टेशन यारा नदीच्या काठावर उभं राहिलं!

गोष्ट झकास आहे, पण खरी नाही. आपलं बोरीबंदर १८८८ पर्यंत बांधून पुरं झालं होतं. फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनच्या आराखड्यासाठी स्पर्धा लागली ती १८९९ मध्ये, आणि ती जिंकली तिथल्याच रेल्वेत नोकरीला असलेल्या फॉसेट आणि ॲशवर्थ या दोघांनी. ही पिवळी, घुमटाची इमारत १९१० मध्ये तयार झाली. दारावरची घड्याळांची रांग बघा. कुठल्या मार्गावरची पुढची गाडी कधी सुटणार, ते ही घड्याळं सांगतात. मुंबईकर ‘इंडिकेटरखाली भेटू’ म्हणतो, तसा मेलबर्नकर ‘घड्याळांखाली भेटू’ म्हणतो.

आपल्याकडून निघणाऱ्या सहलींत या शहराच्या वाट्याला बऱ्याचदा एखादी संध्याकाळ येते. बाकीचा वेळ ग्रेट ओशन रोडला आणि फिलिप आयलंडच्या पेंग्विनांना जातो. दोन्ही ठिकाणी जरूर जा. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी बांधलेला तो समुद्रकाठचा रस्ता विसरता येण्यासारखा नाही. पण शहरासाठी निदान दोन दिवस राखून ठेवा. इथल्या बघण्यासारख्या जागा शहर स्वतः रोज वापरतं, आणि त्यातल्या कितीतरी जागांना तिकीटच नाही.

ट्रामपासूनच सुरुवात करा. सुमारे अडीचशे किलोमीटरचं हे जाळं जगातलं सर्वांत मोठं मानलं जातं. शहराच्या मध्यभागात २०१५ पासून ट्रामचा प्रवास फुकट आहे. पस्तीस नंबरची जुन्या बांधणीची ट्राम मध्यवस्तीला वळसा घालते. खिडकीतून चौकांकडे लक्ष द्या. काही चौकांत उजवीकडे वळायचं असेल, तर मोटारी आधी डाव्या कडेला जाऊन थांबतात, कारण मधली वाट ट्रामची असते.

स्वान्स्टन स्ट्रीटवर उतरलात की समोर दिसते स्टेट लायब्ररी. १८५६ मध्ये उघडलेलं हे ग्रंथालय पहिल्यापासून सर्वांसाठी मोफत आहे. आत १९१३ सालचं अष्टकोनी वाचनालय आहे. मधोमध उंचावर ग्रंथपालाची जागा आणि तिथून चारी बाजूंना किरणांसारख्या गेलेल्या टेबलांच्या रांगा. प्रत्येक जागेवर हिरवा दिवा. विद्यार्थी मान खाली घालून अभ्यास करत असतात, म्हणून वरच्या सज्जातून बघा आणि हळू बोला.

याच इमारतीत नेड केलीचं चिलखत ठेवलेलं आहे. केली हा बुशरेंजर, म्हणजे रानात दडून लूटमार करणारा दरोडेखोर. काहींच्या लेखी गरिबांचा कैवारी, काहींच्या लेखी पोलिसांचा खुनी. नांगराच्या लोखंडी पात्यांतून त्याने हे चिलखत घडवून घेतलं. वजन सुमारे ४४ किलो. जवळ जाऊन बघा, गोळ्यांच्या खुणा दिसतील. छाती झाकली, डोकं झाकलं, पण पाय उघडे राहिले. १८८० च्या जूनमध्ये पोलिसांनी पायांवर गोळ्या झाडल्या, तेव्हाच तो हाती लागला.

त्याला फाशीची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश होते सर रेडमंड बॅरी. आणि ज्यांनी पुढाकार घेऊन हे ग्रंथालय उभारलं, तेही हेच बॅरी! ११ नोव्हेंबरला जवळच्या तुरुंगात केलीला फाशी झाली. त्यानंतर बाराच दिवसांनी बॅरीही गेले. आज ग्रंथालयाच्या दारात बॅरींचा पुतळा आहे आणि आत केलीचं चिलखत. तो जुना तुरुंगही पाहता येतो, पायी काही मिनिटांवर.

त्याच १८८० मध्ये बांधलेलं रॉयल एक्झिबिशन बिल्डिंग आता जागतिक वारसा आहे. ऑस्ट्रेलियाची पहिली संसद ९ मे १९०१ रोजी इथेच भरली. होझियर लेनमधल्या भिंतींवरची चित्रं सतत बदलत असतात, आज काढलेला फोटो पुढच्या वेळी जुळेलच असं नाही.

भूक लागली असेल तर क्वीन व्हिक्टोरिया मार्केट. १८७८ चा हा बाजार, काही भाग जुन्या दफनभूमीवर वसलेला. फळं, भाज्या, चीज, मासे, लोकरीचे कपडे, सगळं एका छपराखालून दुसऱ्या छपराखाली. १९५० पासून गरम जॅम डोनट विकणारी गाडीही आहे. साखरेत घोळवलेला डोनट हातात आल्या आल्या चावू नका, आतला जॅम जीभ भाजतो. सोमवारी आणि बुधवारी बाजार बंद असतो.

आता नदीच्या बाजूने चालत मेलबर्न क्रिकेट ग्राउंडकडे. आत जाण्याआधी बाहेरच्या यारा पार्कमध्ये दोन जुनी गमची, म्हणजे निलगिरीच्या जातीची झाडं शोधा. त्यांच्या बुंध्यावर लांबट व्रण आहेत. इथल्या मूळ रहिवाशांनी, वुरुंजेरी लोकांनी, होडी किंवा भांडी करण्यासाठी झाड न तोडता साल तेवढी काढून घेतली, त्याच्या या खुणा.

मैदानात लाखभर माणसं बसतात. जगातला पहिला कसोटी सामना १८७७ मध्ये इथे झाला, पहिला एकदिवसीय सामना १९७१ मध्ये. सामना नसतो त्या दिवशी माहितगारांसोबत फेरी असते. त्या फेरीत ड्रेसिंग रूमकडे नेतात का, हे आधी विचारून घ्या. शतकवीरांच्या फलकावर अजिंक्य रहाणेचं नाव दोनदा आहे, २०१४ आणि २०२०. दुसरं शतक ॲडलेडला संघ ३६ धावांत गारद झाल्यानंतरच्या सामन्यातलं. कोहली मायदेशी परतलेला, कर्णधारपद रहाणेकडे. त्याने ११२ धावा केल्या आणि भारत आठ गडी राखून जिंकला.

त्या दिवशी सामनावीराला प्रथमच मुलाघ पदक दिलं गेलं. जॉनी मुलाघ हा आदिवासी खेळाडू. १८६६ च्या बॉक्सिंग डेला, म्हणजे २६ डिसेंबरला, तो याच मैदानावर खेळला आणि १८६८ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या आदिवासी संघाचा आधारस्तंभ झाला. त्या संघाच्या कंबरपट्ट्याच्या बकलावरून हे पदक घडवलं आहे, आणि त्याचा पहिला मानकरी ठरला डोंबिवलीत वाढलेला रहाणे.