दोन सिडनी, पाच नांदगाव

नमस्कार, श्रोतेहो. आजचा विषय आहे एकाच नावाची दोन-दोन, चार-चार गावं. एक हैदराबाद तेलंगणात, दुसरं सिंधमध्ये. एक बर्मिंगहॅम इंग्लंडात, दुसरं अमेरिकेतल्या अलाबामात. सॅन होजे नावाची तर रांगच लागेल. पण ही यादी राहू द्या बाजूला. आज सिडनीची गोष्ट ऐकू या.

सिडनी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे ऑस्ट्रेलियाच येणार. ते ऑपेरा हाऊस, तो पूल, आपण पहाटे उठून बघतो ते क्रिकेटचे सामने. पण कॅनडाच्या पूर्व टोकाला नोव्हा स्कोशिया प्रांत आहे. त्यात केप ब्रेटन नावाचं बेट आहे, आणि त्या बेटावर आहे दुसरं सिडनी. दोघांत अंतर जवळजवळ १७ हजार किलोमीटर. वस्ती साधारण एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. एके काळी कोळसा आणि पोलाद यांवर चालणारं गाव. ऑपेरा हाऊस नाही, पण धक्क्यावर सुमारे ६० फूट उंचीचं एक व्हायोलिन उभं केलंय.

आता गंमत ऐका. दोन्ही गावांना नाव मिळालं ते एकाच माणसामुळे. थॉमस टाउनशेंड, लॉर्ड सिडनी, ब्रिटनचे गृहमंत्री. वसाहतींचा कारभार त्यांच्याकडे. १७८५ साली कॅनडातलं गाव वसवणाऱ्या गव्हर्नराने साहेबांचं नाव दिलं. तीनच वर्षांनी, १७८८ साली, ऑस्ट्रेलियात कैद्यांची जहाजं घेऊन पोचलेल्या आर्थर फिलिप यांनी तिथल्या खाडीलाही त्याच साहेबांचं नाव दिलं. म्हणजे थोरलं सिडनी कॅनडातलं, ऑस्ट्रेलियातलं धाकटं. हे पुन्हा सांगतो, कारण ऐकताना उलटंच वाटतं: थोरलं कॅनडातलं, धाकटं ऑस्ट्रेलियातलं. (वरिष्ठांचं नाव गावाला चिकटवायची हौस आजची नाही, हे यावरून दिसतंच. निदान त्या काळी फ्लेक्स तरी नव्हते.)

तर २०१७ सालचा मार्च संपत आलेला. नेदरलँड्समधला १८ वर्षांचा एक मुलगा कॉलेजला जाण्याआधी ऑस्ट्रेलिया फिरायला निघाला. तिकीट शोधताना सिडनीचं एक तिकीट बाकीच्यांपेक्षा बरंच स्वस्त दिसलं. स्वस्त दिसलं की आपण पुढचं वाचत नाही, हा जगभरचा रोग. त्याने घेतलं. ॲमस्टरडॅमहून टोरांटो, आणि टोरांटोहून सिडनी.

टोरांटोला दुसऱ्या विमानापाशी आला, आणि बघतो तर विमान अगदी छोटं. त्याच्या मनात आलं, हे एवढंसं विमान ऑस्ट्रेलियापर्यंत जाईल? तरी बसला. मग समोरच्या पडद्यावरच्या नकाशात विमानाचं तोंड भलतीकडेच वळलेलं दिसलं, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पण तोवर खाली उतरणार कुठे? ऑस्ट्रेलियातल्या उन्हाच्या हिशोबाने अंगात पातळ जाकीट, आणि बाहेर कॅनडातलं बर्फाचं वादळ. त्याहून गंमत अशी की त्याच विमानात अमेरिकेची एक बाई होती, तीही ऑस्ट्रेलियाला निघालेली! एका विमानात एकाच चुकीचे दोन प्रवासी. शेवटी त्याला टोरांटोला परत धाडलं, तिथून घरी, आणि वडील विमानतळावर घ्यायला आले. असं घडायची ती पहिली वेळही नव्हती. २००२ साली इंग्लंडचं एक तरुण जोडपं असंच तिथे जाऊन उतरलं होतं, आणि गावकऱ्यांनी त्यांचा चांगला पाहुणचार केला होता.

चूक नेमकी कुठे पकडता आली असती? तीन जागा होत्या. पहिली, विमानतळाची तीन अक्षरं. ऑस्ट्रेलियाचं सिडनी म्हणजे एस-वाय-डी. कॅनडाचं सिडनी म्हणजे वाय-क्यू-वाय. कॅनडातल्या बहुतेक विमानतळांची अक्षरं वायने सुरू होतात, तेवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ. दुसरी जागा, उतरण्याची तारीख. युरोपातून निघून ऑस्ट्रेलियाला त्याच तारखेला पोचताच येत नाही. तिथली घड्याळं पुढे, आणि प्रवासच जवळजवळ दिवसभराचा. तारीख तीच दिसली की समजायचं, गाव दुसरं. तिसरी जागा, मधला थांबा. हॉलंडहून ऑस्ट्रेलियाला जाणारा माणूस टोरांटोला कशाला जाईल? म्हणजे अक्षरं, तारीख, थांबा. पैसे भरण्याआधी या तीन गोष्टी बघायच्या. सॅन होजेच्या बाबतीत अक्षरांकडे नीट डोळे लावा. एस-जे-सी म्हणजे कॅलिफोर्निया, एस-जे-ओ म्हणजे कोस्टारिका. एका अक्षरात देश बदलतो.

आता आपल्याकडे या. नांदगाव घ्या. एक नाशिक जिल्ह्यात, मनमाडच्या पुढे. एक रायगडात मुरुडजवळ, समुद्राकाठी. एक अमरावतीत, नांदगाव खंडेश्वर. एक सिंधुदुर्गात कणकवलीजवळ, कोकण रेल्वेवर नांदगाव रोड. आणि छत्तीसगडात राजनांदगाव. नुसतं 'मु. पो. नांदगाव' लिहिलं तर पोस्टमनने काय करावं? यासाठीच पिनकोड आला, १५ ऑगस्ट १९७२ रोजी. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी, नाटककार. पिनकोडचा पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड मिळून ४. पहिले तीन आकडे टपाल जिथे वेगळं केलं जातं तो जिल्हा, आणि शेवटचे तीन नेमकं पोस्ट ऑफिस. म्हणून नाशिककडचं नांदगाव ४२३ ने सुरू होतं, रायगडातलं ४०२ ने, अमरावतीतलं ४४४ ने, कणकवलीजवळचं ४१६ ने, आणि राजनांदगाव ४९१ ने. पहिले तीन आकडे बरोबर असले की पत्र निदान योग्य जिल्ह्यात जातं. ते तीन चुकले तर बाकीचा पत्ता कितीही सुवाच्य असो.

लग्नपत्रिकेवर हल्ली सोनेरी नक्षी येते, दहा आत्यांची नावं येतात, पण कार्यालयाचा तालुका येत नाही. 'लोकेशन पाठवतो' म्हणतात. ज्या आजोबांकडे साधा फोन आहे, त्यांनी कुठे उतरायचं?

रेल्वेचंही तसंच. दादर एक, पण स्टेशनं दोन: मध्य रेल्वेचं डी-आर आणि पश्चिम रेल्वेचं डी-डी-आर. तिकिटावर कोणतं आहे ते बघून पूल चढा, म्हणजे सामान घेऊन दोनदा चढावं लागणार नाही.

आणि जाता जाता बुद्रुक-खुर्द. दोन्ही शब्द फारसीतले. बुद्रुक म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं. सातबाऱ्यावर ते 'बु.' आणि 'खु.' एवढेच असतात. ऑनलाइन फॉर्म भरताना ते टिंबवालं अक्षर लोक गाळतात, कधी फॉर्मच टिंब घेत नाही. मग वडगाव बुद्रुकचं पार्सल वडगाव खुर्दला जाऊन बसतं. अशा वेळी टिंबाचा नाद सोडा. गावाच्या नावाला लागूनच 'बुद्रुक' असा अख्खा शब्द टाइप करा, आणि त्याखालच्या ओळीत तालुका.

नमस्कार.