पानगळीत ऑक्सिजन कोण पुरवतं?

नमस्कार. माईक मागेपर्यंत येतोय ना? बरं. विषय तुम्ही पत्रिकेत वाचलाच असेल, की युरोप-अमेरिकेत हिवाळ्यात झाडं पार उघडीबोडकी होतात, मग तेव्हा श्वास कशावर चालतो. आपल्याकडे तर उलटंच, टेकडी हिरवी फक्त पावसाळ्यात, फेब्रुवारीत गिरिपुष्पाला नुसती गुलाबी फुलं, पान औषधालाही नाही, तरी वेताळ टेकडीवर सकाळची गर्दी आहे तेवढीच आणि कोणी गुदमरून पडल्याचं मी तरी ऐकलं नाही.

त्याआधी एक सांगतो, कारण हे मला कुठेतरी बोलायचंच होतं. आमच्या सोसायटीत, नाव घेत नाही, काही मेंबर इथे बसलेत, कंपाउंडला एक पिंपळ आहे. कमिटीने त्याला बोर्ड लावला, 'चोवीस तास ऑक्सिजन देणारा वृक्ष'. खर्च अर्थात मेंटेनन्समधून. मी म्हटलं, अहो ऑक्सिजन येतो पाण्याचा रेणू फुटून आणि तो फोडायला उजेड लागतो, रात्री पिंपळसुद्धा तुमच्या-माझ्यासारखा ऑक्सिजन घेतच असतो. तर सेक्रेटरी म्हणाले, 'सर, तुम्ही सायन्सवाले प्रत्येक गोष्टीत निगेटिव्ह.' झालं, पार्किंगचा विषय राहिला बाजूला, मीटिंगभर पिंपळ. आणि खरी गंमत पुढेच. फेब्रुवारी-मार्चात पानं गळली तशा पहिल्या मजल्यावरच्या आजी खाली फिरायला येईनात. का तर म्हणे, 'आता सप्लाय बंद आहे ना.' आता बोर्ड खरा धरला तर आजींचं काय चुकलं सांगा? कमिटीने उपाय काय काढला असेल? बोर्डावर खाली बारीक अक्षरात 'पानगळीचा काळ वगळून' असं रंगवायचा ठराव. पास झाला, एकमताने, मी गैरहजर होतो म्हणून एकमताने.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणतायत. पळवतो.

मुख्य गोष्ट ही की आपण या वर्षीच्या पानांवर श्वास घेतच नाही. हवेतला ऑक्सिजन म्हणजे पणजोबांनी करून ठेवलेली प्रचंड एफडी आहे, झाडांची वर्षाची कमाई त्यापुढे किरकोळ आणि तीही जवळपास सगळी त्याच वर्षी खर्च होते, कारण पान कुजलं, किड्याने खाल्लं, झाडाने स्वतः रात्री श्वास घेतला, की तेवढाच ऑक्सिजन परत जातो. ॲमेझॉनच्या जंगलाचंही तेच, जगाचं फुप्फुस वगैरे म्हणतात पण निव्वळ शिल्लक जवळजवळ शून्य. मग एफडी आली कुठून? थोडंसं सेंद्रिय द्रव्य न कुजता समुद्रतळाच्या गाळात पुरलं गेलं, तेवढा ऑक्सिजन हवेत उरला, असं कोट्यवधी वर्षं चाललं. जगातली सगळी जंगलं जाळली तरी हा साठा एक टक्क्यानेही कमी होणार नाही. म्हणून जाळा असं मी म्हणत नाहीये, नाहीतर उद्या तसं छापून येईल.

ऋतूंचा परिणाम होतच नाही असं नाही. दहा लाख रेणूंत साधारण 2,09,500 ऑक्सिजनचे, आणि राल्फ कीलिंग या शास्त्रज्ञांनी 1980 च्या दशकाच्या शेवटी हे इतक्या बारकाईने मोजायची पद्धत बसवली, त्यांचे वडील 1958 पासून हवाई बेटावरच्या मौना लोआ ज्वालामुखीवर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजत होते, घरचाच धंदा. तर उत्तर गोलार्धात उन्हाळा-हिवाळ्यातला फरक निघतो दहा लाखात वीसेक रेणूंचा. म्हणजे किती? वर जावं तशी हवा विरळ होते, तर तुम्ही जिन्याच्या पाच पायऱ्या चढलात की श्वासात तेवढा ऑक्सिजन कमी मिळतो. मुंबईहून पुण्याला आलात तर 560 मीटर चढलात, सहा टक्के कमी, तरी पुणेकर बोलायचा थांबत नाही.

समुद्र राहिलाच. साधारण अर्धं प्रकाशसंश्लेषण तिथलं सूक्ष्म प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, करतं, शिवाय उन्हाळ्यात पाणी तापलं की विरघळलेला ऑक्सिजन बाहेर येतो आणि थंडीत परत आत जातो. इकडे हिवाळा तेव्हा दक्षिणेत उन्हाळा, विषुववृत्तावर तर बारा महिने पानं, आणि वारा एका गोलार्धातली हवा महिना-दोन महिन्यांत ढवळून टाकतो, विषुववृत्त ओलांडायला मात्र वर्षभर लागतं.

झालं झालं, शेवटचं. आपण कोळसा-पेट्रोल जाळतो त्याने ऑक्सिजन दर वर्षी दहा लाखात चारेक रेणूंनी घटतोय. या वेगाने 21 चे 20 टक्के व्हायला अडीच हजार वर्षं लागतील. त्याच जाळण्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड मात्र दहा लाखात 280 रेणूंवरून 420 च्या वर गेलाय, तेही दोन-अडीचशे वर्षांत, पण त्याला वेगळं व्याख्यान लागेल आणि अध्यक्ष घड्याळ दाखवतायत.